सुतारकाम कसे शिकावे? एका कापड व्यापाऱ्याचा अनुभव

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा सुरू झाला होता. एके सकाळी नांदेडमधील माझे दुकान उघडले तर आत जाण्यास वाट नव्हती. भिंतीलगतचे नवे रॅक रात्रीतून कोसळले होते. शर्टिंग-सूटिंगचे तागे फरशीवर पडले होते, आणि शटरखालून आलेल्या पाण्यात खालचे तागे भिजले होते. रॅक घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. ज्याने ते बसवून दिले होते त्याने फोनवर सांगितले, "तुम्ही वजन जास्त ठेवले असेल." वाद घालण्याइतकी माहिती माझ्याजवळ नव्हती. नुकसान सोसून गप्प बसलो.

आमच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री राहतात. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. ते दुकानात आले. त्यांनी मोडलेल्या फळीचा एक तुकडा उचलला, कडेवर नख मारले. भुसा हातात आला. म्हणाले, "सेठ, हे लाकूड नाही. भुसा दाबून केलेला बोर्ड आहे. पाणी लागले की फुगतो. आणि चार फुटांच्या पल्ल्यावर मध्ये आधार नाही. पडणारच होते."

मला खरी लाज वाटली ती पुढच्या विचाराने. तीस वर्षांपासून मी कापडाला बोट लावून सांगतो की सूत किती, मिलावट किती, धुतल्यावर आटेल किती. गिऱ्हाईकाला फसवत नाही आणि घाऊक व्यापाऱ्याकडून फसतही नाही. पण ज्या रॅकवर माझा सर्व माल उभा आहे, त्याचे लाकूड काय आहे हे मी एकदाही पाहिले नव्हते. त्याच आठवड्यात उस्तादांना विनंती केली, "मला शिकवा." ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. दुकान उघडण्यापूर्वी रोज एक तास, याप्रमाणे मी सुमारे सहा महिने त्यांच्याकडे बसलो. पुढे लातूरचा माझा भाचाही या कामात आला. या दोन अनुभवांतून जे हाती लागले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

मिस्त्रीची रोजी काढून घ्यावी असा हेतू यात नाही. पक्के काम पक्क्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. परंतु सुतारकामाचे पहिले धडे ज्याला येतात, तो लाकूड घेताना फसत नाही, काम सांगताना नेमके सांगतो, आणि घरातील शिकून रिकामे बसलेल्या मुलाच्या हाताला एक हुन्नर देऊ शकतो.

लाकडातही ताणा असतो, बाणा नसतो

उस्तादांनी पहिले पंधरा दिवस मला करवत धरू दिली नाही. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे समोर टाकायचे आणि म्हणायचे, "पहा, नुसते पहा." मी कंटाळलो. मग एक दिवस मला ही गोष्ट आपल्या धंद्याच्या भाषेत उमगली.

कापडात ताणा आणि बाणा दोन्ही असतात, म्हणून ते दोन्ही बाजूंनी ओढ सहन करते. लाकडात फक्त ताणा असतो. झाडाचे सारे तंतू बुंध्याकडून शेंड्याकडे जातात. त्यांना आडवा बांधणारा बाणा जवळपास नसतोच. त्यामुळे लाकूड लांबीच्या दिशेने फार मजबूत असते, आणि त्याच रेषेने सहज चिरतेही. कुऱ्हाडीच्या एका घावात ओंडका उभा फाटतो, आडवा तुटत नाही, याचे कारण हेच. प्लायवूडमध्ये पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. म्हणजे कारखान्याने लाकडाला बाणा घातला. म्हणून प्लाय सहजासहजी चिरत नाही. भुशाच्या बोर्डात ना ताणा, ना बाणा. तो स्वस्त का असतो हे यावरून समजावे.

दुसरी गोष्ट आटण्याची. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, तसे ओले लाकूड वाळताना आटते. पण लांबीला ते जवळजवळ आटतच नाही; रुंदीलाच आटते. सागवानासारखे शांत लाकूडसुद्धा हिरव्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत रुंदीत अडीच ते पाच टक्के कमी होते. फळी ओंडक्याच्या मध्यातून आरपार चिरलेली असेल तर कमी, कडेने चिरलेली असेल तर जास्त. शिवाय वाळलेले लाकूडही हवेप्रमाणे थोडे हलतच राहते. मराठवाड्यात मे महिन्यात हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये दमट. त्यामुळे उन्हाळ्यात सैल असलेले दार पावसाळ्यात अडकते. यात मिस्त्रीचा दोष नसतो. मात्र ओले लाकूड वापरून दार केले असेल तर दोष त्याचाच आहे.

म्हणून लाकूड मुरलेले घ्यावे. फळी हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा; त्याच जातीची, त्याच मापाची एक फळी दुसरीपेक्षा जड लागली तर ती बहुधा ओली असते. कडेने डोळा लावून पाहावे, म्हणजे बाक आणि पीळ दिसतो. गाठी कोठे आहेत ते पाहावे. आणि गाभा किती, पांढरा भाग किती हेही पाहावे. सागवानाला वाळवी लागत नाही असे आपण म्हणतो, ते फक्त गाभ्याच्या लाकडाबद्दल खरे आहे. बाहेरच्या पांढऱ्या भागाला वाळवी आणि किडा दोन्ही लागतात. रंग लावून हा पांढरा भाग लपवता येतो, म्हणून रंगवलेले लाकूड घेण्यापूर्वी आडव्या कापाकडे नजर टाकावी.

आपल्या भागातील लाकडे

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या बाजूला सागाचे जंगल आहे. तेथील सागवान काढणे, वाहणे व विकणे वनखात्याच्या नियमांनी बांधलेले आहे. कोणी स्वस्तात, पावतीशिवाय सागवान देऊ लागला तर समजावे की माल चोरीचा असू शकतो. असा माल घेणे कायद्याने गुन्हा आहे, आणि चोरीच्या लाकडावर उभी केलेली रोजी कोणाच्याच उपयोगाची नाही. पावती व वाहतुकीचा परवाना मागण्यात संकोच करू नये.

नवशिक्याला सागवानाची गरजही नाही. बाभूळ आपल्याकडे मुबलक आहे. बैलगाडी, नांगर, वखर यासाठी गावचे सुतार पिढ्यान्पिढ्या बाभूळ वापरत आले. ती कठीण आणि चिवट असते, पण पहिल्या दिवशी हात मारण्यास योग्य नाही. कडुनिंब मध्यम कठीण असून त्याला कीड कमी लागते. मात्र त्याची रेषा कधी इकडे, कधी तिकडे जाते, त्यामुळे रंधा मारताना उचकटते. आंब्याचे लाकूड मऊ, स्वस्त आणि शिकण्यास चांगले. फक्त त्याला किडा लवकर लागतो. मी स्वतः पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांवर शिकलो. मालाबरोबर येणारी ही खोकी कोणत्याही बाजारात पडलेली असतात.

आणखी एक चांगला मार्ग म्हणजे जुने लाकूड. गावोगावी जुने वाडे, माळवदे उतरवली जातात. त्यातील तुळया, खांब, चौकटी विक्रीला येतात. साठ-सत्तर वर्षे मुरलेले हे लाकूड पूर्ण वाळलेले असते; ते आता हवेप्रमाणे थोडेच हलते. त्यातील खिळे मात्र एकूण एक काढावेत, नाही तर पहिल्याच दिवशी रंध्याचे पाते जाते.

माळवदावरून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड छत, यांखाली लोक दबले. परंतु ज्या घरांत छत लाकडी खांब-तुळयांवर उभे होते, अशा अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिलेला दिसला. खिळ्याने घट्ट ठोकलेला जोड धक्क्याने उपसून येतो. खाचेत बसलेला लाकडाचा जोड थोडा हलतो, पण सुटत नाही. जोड नीट करणे म्हणजे केवळ शोभा नव्हे, हे आपल्या भागातील माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

माप : सूत, इंच आणि तसू

मिस्त्रीचे माप इंच आणि सुताचे. एका इंचात आठ सूत. "चार इंच तीन सूत" म्हणजे चार पूर्ण तीन अष्टमांश इंच. आपल्या धंद्यातील जुन्या लोकांना सोळा गिरह्यांचा गज आठवत असेल. तो ३६ इंचांचा, आणि एक गिरह सव्वादोन इंचांचा. सुतार-गवंड्यांचा इमारती गज मात्र वेगळा होता, चोवीस तसूंचा. तसू म्हणजे अदमासे एक इंच. "तसूभरही सरकणार नाही" असे आपण म्हणतो, ते याच मापावरून. आता प्लाय मिलिमीटरमध्ये मिळते, तेव्हा टेपच्या दोन्ही बाजू वाचता आल्या पाहिजेत. १८ मिलिमीटरचे प्लाय म्हणजे पाऊण इंचाहून किंचित कमी.

मला पहिली वस्तू म्हणून दुकानासाठी मीटरची पट्टी करायची होती. उस्तादांनी कपाळाला हात लावला. "सेठ, तिच्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो, तुम्हाला माहीत नाही?" मला माहीत होते, पण उत्साहात विसरलो होतो. दुकानात घरी केलेले माप चालत नाही.

मापाचे चार नियम त्यांनी घालून दिले.

पहिला, सर्व मापे एकाच टेपने आणि एकाच टोकाकडून घ्यावीत. दोन टेपांत अर्ध्या सुताचा फरक निघू शकतो.

दुसरा, चार पाय सारखे हवे असतील तर चार वेळा मोजू नये. एक पाय मोजून कापावा आणि त्यावरून बाकीच्या तिघांवर खूण करावी. पहिल्या पायावरूनच प्रत्येक खूण करावी. दुसऱ्यावरून तिसरा आणि तिसऱ्यावरून चौथा केला तर चूक वाढत जाते.

तिसरा, गुण्या खरा आहे की नाही ते तपासावे. सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर दुकानदाराला परत करावा. मोठी चौकट काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे असले म्हणजे चौकट खरी.

चौथा, रेघेच्या बाहेर कापावे. रेघ शिल्लक ठेवावी आणि उरलेले रंध्याने काढावे. कमी कापलेले आणखी कापता येते. जास्त कापलेले परत जोडता येत नाही. कापडातही हेच आहे, पण तेथे चूक झाली तर त्या कापडाचा लहान शर्ट तरी होतो.

हत्यारे आणि धार

सुरुवातीला पुढील हत्यारे पुरेशी आहेत : एक करवत, एक लोखंडी रंधा, पाव, अर्धा व एक इंचाच्या तीन पटाश्या, गुण्या, टेप, हातोडी, पटाशीवर मारण्यासाठी लाकडी ठोकळा, खतकश, पेचकस, धारेचा दगड आणि दोन शिकंजे. खतकश म्हणजे कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारण्याचे हत्यार. मला हे सर्व पाच हजारांच्या आत मिळाले. विजेची यंत्रे पहिल्या तीन महिन्यांत घेऊ नयेत. यंत्र चूकही तितक्याच वेगाने करते.

बाजारातून आणलेली पटाशी धारदार नसते. हे मला ठाऊक नव्हते. नवीन पटाशी लाकडावर मारली, ती घसरून अंगठ्यात गेली, दोन टाके पडले. उस्ताद म्हणाले, बोथट हत्यारच हात कापते. कारण त्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार ताब्यात राहत नाही.

धार लावण्याची रीत अशी. पटाशीची सपाट पाठ प्रथम दगडावर घासून आरशासारखी सपाट करावी. मग उताराची बाजू दगडावर टेकवावी. कारखान्याचा उतार साधारण २५ अंशांचा असतो. पाते किंचित वर उचलून ३० अंशांच्या जवळ धार करावी. दगडावर तेलाचे दोन थेंब टाकावेत. पुढे-मागे सारख्या दाबाने घासावे, मनगट हलवू नये. काही वेळाने पाठीच्या बाजूस बोट हळूच लावल्यास बारीक खरखर लागते. ती आली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली. मग पाठ सपाट ठेवून दोन-चार वेळा घासून ती खरखर काढावी. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर फिरवावे. अशा पटाशीने आंब्याच्या लाकडाचा आडवा काप गुळगुळीत निघतो. भुसा निघत असेल तर धार झालेली नाही. रंध्याच्या पात्याची रीत हीच.

रंधा कोणत्या दिशेने मारावा, हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. मखमलीवर हात फिरवून लव कोणीकडे आहे ते आपण पाहतो. फळीच्या कडेवरील रेषा पाहिल्या की त्या एका बाजूस वर चढताना दिसतात. चढाच्या दिशेने रंधा मारावा, म्हणजे कागदासारखी अखंड ढलपी निघते. उलट मारला तर लाकूड उचकटते.

करवतीचेही दोन प्रकार आहेत. लांबीने चिरण्याची वेगळी, आडवे कापण्याची वेगळी. नवशिक्याने आडव्या कापाची, बारीक दातांची करवत घ्यावी. सुरुवात अंगठ्याच्या आधाराने हलक्या हाताने करावी, आणि जोर न लावता करवतीची पूर्ण लांबी वापरावी.

पहिली तीन कामे

पहिले काम पाट. एक रुंद फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. यात रंधा, करवत, गुण्या आणि स्क्रू या चारही गोष्टींचा सराव होतो. खालच्या पट्ट्यांना सरस किंवा फेविकॉल लावून घट्ट चिकटवू नये. वरची फळी रुंदीत हलणार, पट्टी लांबीत हलणार नाही. दोघांची ओढाताण होऊन फळी फाटेल. पट्टीतील स्क्रूचे भोक थोडे लांबट ठेवावे. स्क्रूसाठी आधी बारीक छिद्र पाडावे. खिळा मारायचा असेल तर त्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करावे. तीक्ष्ण टोक तंतूंना बाजूला सारून लाकूड फाडते, बोथट टोक तंतू तोडत जाते.

दुसरे काम स्टूल. येथे जोड शिकावा लागतो. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, पायात तेवढीच खाच खणायची आणि जीभ खाचेत बसवायची. जिभेची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावी. प्रथम खाच खणावी, मग तिच्या मापाने जीभ तासावी. उलट केल्यास खाच मोठी होते. जीभ हाताच्या दाबाने आत जावी. हातोडी मारावी लागली तर घट्ट आहे, आपोआप पडली तर सैल आहे. मी अकरा खाचा बिघडवल्या. बारावी बसली. नवशिक्यांनी एवढे लाकूड आधीच हिशेबात धरावे. गोंद तंतूंच्या लांब बाजूला चांगला धरतो, कापलेल्या टोकाला धरत नाही. म्हणून दोन टोके नुसती चिकटवून जोड होत नाही.

तिसरे काम रॅक. दुकानदारांनी पुढचा हिशेब लक्षपूर्वक वाचावा, कारण माझे नुकसान येथेच झाले. फळीचा पल्ला, म्हणजे दोन आधारांतील अंतर, दुप्पट केले आणि माल तेवढाच दाट भरला, तर मध्यभागी पडणारा झोळ दुप्पट नव्हे, सोळापट होतो. उलट फळीची जाडी दुप्पट केली तर झोळ आठव्या हिश्श्यावर येतो. माझ्या जुन्या रॅकचा पल्ला चार फूट होता. मध्ये एक उभी फळी घालून तो दोन फूट केला असता तर झोळ सोळाव्या हिश्श्यावर आला असता. खर्च फक्त एका फळीचा होता.

दुसरी युक्ती पट्टीची. एक इंच जाड व तीन इंच रुंद पट्टी आडवी ठेवली तर ती लवते. तीच उभी ठेवली तर नऊपट कडक होते. म्हणून फळीच्या पुढच्या कडेला खालून अशी उभी पट्टी लावावी. प्लाय घेताना, ज्या भिंतीला ओल येते तेथे एम.आर. ऐवजी बी.डब्ल्यू.आर. प्रतीचे घ्यावे, आणि रॅकचा तळ फरशीपासून चार इंच वर ठेवावा. वरचे टोक भिंतीला अडकवावे, म्हणजे रॅक पुढे येत नाही.

लाकडाचा भाव आणि घनफूट

लाकूड घनफुटावर विकले जाते. लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि १४४ ने भागावे. उदाहरणार्थ, दाराच्या चौकटीसाठी सात फुटांचे दोन उभे आणि साडेतीन फुटांचा एक आडवा, असे एकूण साडेसतरा फूट लाकूड लागते. ते चार बाय तीन इंचांचे असेल तर १७.५ गुणिले ४ गुणिले ३ बरोबर २१०. भागिले १४४, म्हणजे १.४६ घनफूट. हा हिशेब वखारीत उभ्या उभ्या करता आला पाहिजे. लक्षात ठेवावे की चिरलेले माप आणि रंधा मारल्यानंतरचे माप यांत एक-दोन सुतांचा फरक पडतो. कोणत्या मापावर भाव ठरला हे आधी बोलून घ्यावे.

शिकावे कोणाकडे?

सर्वांत चांगले म्हणजे उस्तादाकडे. परंतु उस्तादाचा वेळ फुकट समजू नये. तो त्याचा बाजार आहे. मी दरमहा ठरावीक रक्कम देत असे, आणि पहिला महिनाभर दुकान झाडणे, धार लावणे, लाकूड धरणे ही कामे केली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे जड गेले, पण त्यातच डोळा तयार झाला.

ज्यांना प्रमाणपत्र हवे त्यांनी जवळच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून तो आता वूड वर्क टेक्निशियन या नावाने ओळखला जातो. आठवी उत्तीर्ण मुलास प्रवेश मिळतो. प्रत्येक संस्थेत हा विषय असतोच असे नाही, म्हणून अर्जाच्या वेळी विचारून घ्यावे.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. त्यातील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो व वय किमान १८ हवे. ही योजना प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्या स्वयंरोजगारी कारागिरासाठी आहे. केवळ शिकण्याची इच्छा असणाऱ्यासाठी नाही. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते. योजनेत पाच टक्के व्याजाने कर्जही आहे, परंतु ते घेणे सक्तीचे नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांनी प्रशिक्षण व हत्यारांपुरता लाभ घ्यावा.

एक सावधगिरीची सूचना. लाकडाची बारीक भुकटी छातीत जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहे. नाकाला चांगला मास्क लावावा, जागा हवेशीर ठेवावी. विजेचे यंत्र चालवताना लांब बाही, गळ्यात रुमाल असू नये. आणि पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे ठेवावा.

भाच्याची गोष्ट

माझा भाचा लातूरला राहतो. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षे अर्ज करीत बसला होता. मी शिकतो आहे हे ऐकून तो सुट्टीत नांदेडला आला आणि उस्तादांकडे रमला. घरात मात्र नाराजी झाली. एका नातेवाइकाने भर लग्नात विचारले, "व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा आता रंधा मारणार का?" मुलगा खाली मान घालून बसला. मलाही त्या वेळी उत्तर सुचले नाही.

लातूरला परतल्यावर गंजगोलाईतील एका दुकानदाराने त्याला भिंतीतील कोनाड्यात कपाट करण्यास सांगितले. त्याने कोनाड्याची रुंदी वरच्या बाजूला एकदाच मोजली. भिंत ओळंब्यात नव्हती. खाली ती तीन सूत अरुंद होती. कपाट आत गेलेच नाही. त्याने घाबरून फोन केला, "मामू, कडा तासून कसेतरी बसवू का? दुकानदाराला कळणार नाही." मी उस्तादांना विचारले. ते म्हणाले, "त्याला सांगा, आपल्या पैशाने दुसरे करून दे. कोनाडा तीन जागी मोजावा, वर, मध्ये आणि खाली. हे आता तो जन्मभर विसरणार नाही."

त्याने दुसरे करून दिले. त्या कामात त्याला घाटा झाला. पण त्याच दुकानदाराने पुढे आपल्या ओळखीच्या आणखी दोघांकडे त्याला पाठवले. आज तो दुकानांची कपाटे आणि रॅक करतो, अवघड काम आले तर मोठ्या मिस्त्रीच्या हाताखाली जातो. श्रीमंत झालेला नाही, पण अर्ज करणे बंद झाले आहे. बी.कॉम.चाही उपयोग होतो. लाकडाचा हिशेब तो गिऱ्हाइकासमोर लिहून देतो, घनफूट आणि दरासह. लातूरला त्याला काम मिळण्याचे ते एक मोठे कारण आहे.

लग्नातील त्या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येईल. आपल्या घरात कापड मोजणारा हात प्रतिष्ठेचा आणि लाकूड मोजणारा हात कमी, असे कोणी ठरवले? दोन्हीकडे माप खरे असावे लागते, माल सांगितला तसा असावा लागतो. ज्या मुलाने चुकीचे कपाट आपल्या पैशाने बदलून दिले, तो व्यापाऱ्याच्या घरचाच मुलगा आहे.

माझ्या दुकानातील नवे रॅक उस्ताद आणि मी मिळून केले. पल्ला दोन फूट, पुढे उभी पट्टी, तळ चार इंच वर. त्यानंतरचे पावसाळे त्याने नीट काढले. एका कप्प्याची फळी अर्धा सूत तिरकी आहे. ती माझ्या हातची. उस्तादांनी ती बदलू दिली नाही. म्हणाले, "राहू द्या सेठ, रोज दिसेल."

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी या आठवड्यात फक्त दोन गोष्टी कराव्यात. एक अर्धा इंची पटाशी व धारेचा दगड आणावा, आणि आंब्याच्या तुकड्याचा आडवा काप गुळगुळीत निघेपर्यंत धार लावत राहावे. करवत पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल.